ओठ बधिर, पण दाढ जागी: खालच्या दाढेत ब्लॉक का फसतो?

नवी_प्रॅक्टिस

प्रश्न दात काढण्याचा नाही, रूट कॅनालचा आहे. खालची पहिली दाढ, सिम्प्टोमॅटिक इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस, म्हणजे पल्पची (दाताच्या आतल्या नसा-रक्तवाहिन्यांच्या गाभ्याची) बरी न होणारी सूज: रात्रीचा ठणका, गार पाणी लागलं की लवकर न थांबणारी कळ. व्हायलमधलं (बाटलीतलं) २ टक्के लिग्नोकेन हे भुलीचं औषध, सोबत १:८०,००० ॲड्रिनलिन. इन्फिरिअर अल्व्हिओलर ब्लॉक दिला, म्हणजे खालच्या दातांच्या मुख्य नसेजवळ भूल टोचली. पाच-सहा मिनिटांत त्या बाजूचा ओठ जड, जिभेची कड बधिर, हिरडीत प्रोब टोचला तरी कळत नाही. म्हणजे ब्लॉक बसला असं धरायचं. तरीही एअरोटर (वेगाने फिरणारा ड्रिल) डेंटिनमध्ये (इनॅमलखालच्या थरात) शिरला की रुग्ण हात वर करतो आणि पल्पच्या छतापाशी पोचल्यावर तर काम थांबवावंच लागतं. वरच्या दाढांत एवढा त्रास होत नाही.

कारण म्हणून सगळीकडे एकच वाक्य सापडतं: सूज आलेल्या ऊतीचा पीएच उतरतो, त्यामुळे भूल लागत नाही. पण सूज दाढेत आणि सुई तिच्यापासून लांब, जबड्याच्या मागच्या उभ्या हाडाच्या (रॅमसच्या) आतल्या बाजूला. मग तिथला पीएच इथे कसा आडवा येतो?

आणि प्रत्यक्षात करायचं काय? तोच ब्लॉक पुन्हा द्यावा, की आर्टिकेन हे दुसरं भुलीचं औषध घ्यावं? की सरळ पल्पमध्येच सुई घालावी? ६० किलोच्या माणसाला एकूण किती मिलीपर्यंत जाता येतं, हेही कोणी आकड्यांत मांडलं तर बरं होईल.

एंडो_मिरज

डॉक्टर, एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. ओठ बधिर होणं ही औषध नसेजवळ पडल्याची खूण आहे. पल्प बधिर झाल्याची ती खूण नाही. ओठ बधिर झालाच नाही तर ब्लॉक चुकला आहे, तो पुन्हा द्यायचा. ओठ बधिर झाला आणि दाढ दुखते आहे, तर त्याच जागी तेच औषध पुन्हा ओतून फारसं हाती लागत नाही. अशा वेळी मार्ग बदलावा.

दुसरी गोष्ट, घाई. ओठ पाच मिनिटांत जड होतो, पण खालच्या दाढेचा पल्प बधिर व्हायला १० ते १५ मिनिटं लागतात, काही रुग्णांत त्याहूनही जास्त. तोवर बर (ड्रिलचं टोक) लावायचा नाही. आणि बधिरता बर लावून तपासायची नाही, गारव्याने तपासायची. टेट्राफ्लुरोइथेनचा स्प्रे कापसाच्या मोठ्या बोळ्यावर मारा, बोळा चिमट्यात धरून दाढेच्या गालाकडच्या बाजूला पाच-सहा सेकंद टेकवा. स्प्रे नसेल तर सुईच्या प्लास्टिकच्या टोपणात पाणी भरून फ्रीझरमध्ये उभं ठेवा, बर्फाची बारीक कांडी तयार होते. गार कळलं तर दाढ जागी आहे, काम सुरू करू नका. गार कळलं नाही तरी या दाढांत शंभर टक्के खात्री मिळत नाही, पण निदान पहिल्या फटक्याला रुग्णाचा विश्वास जात नाही.

आता असं होतं का. दुखऱ्या पल्पमधल्या नसा नेहमीच्या नसा राहत नाहीत. दाहामुळे तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन्स त्या तंतूंना इतकं चेतवून ठेवतात की एरवी ज्याकडे नस लक्षही देणार नाही अशा स्पर्शाला ती पेटते. शिवाय नेव्ह १.८ आणि नेव्ह १.९ या जातीच्या सोडियम चॅनेल्सचा वाटा वाढतो. या चॅनेल्स टेट्रोडोटॉक्सिनला दाद देत नाहीत आणि लिग्नोकेनलाही सहज बंद होत नाहीत. म्हणजे औषध नसेपर्यंत पोचतं, पण नेहमीच्या मात्रेत काम अर्धवट होतं. अशा दाढांवर झालेल्या प्रकाशित चाचण्यांत नुसत्या लिग्नोकेन ब्लॉकवर वेदनेविना ॲक्सेस (पल्पपर्यंत दाढ उघडणं) होण्याचं प्रमाण कित्येकदा निम्म्याच्याही खाली आहे. त्यामुळे दर वेळी स्वतःच्या हाताला दोष देऊ नका.

वरच्या दाढेत त्रास कमी, कारण तिथलं बाहेरचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. इन्फिल्ट्रेशनचं, म्हणजे दाताशेजारच्या हिरडीत टोचलेलं, औषध थेट मुळांच्या टोकांशी पोचतं. खालच्या दाढेभोवती जाड कॉर्टिकल हाड आहे.

क्रम असा ठेवा. रुग्णाला चालत असेल तर सुरुवातीच्या तासभर आधी आयबुप्रोफेन ६०० मिलिग्रॅम, पोटात काही असताना. ४०० च्या वरच्या मात्रेने ब्लॉक यशस्वी होण्याचं प्रमाण वाढतं, याला बऱ्यापैकी पुरावा आहे आणि कारण वर आलंच, प्रोस्टाग्लँडिन्स. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, ॲस्पिरिनने उसळणारा दमा आणि गरोदरपणाचे शेवटचे महिने, इथे ते देऊ नका.

मग ब्लॉक. सिरिंज विरुद्ध बाजूच्या प्रीमोलर्सवरून (लहान दाढांवरून), कोरोनॉइड नॉचच्या (रॅमसच्या पुढच्या कडेवरच्या खोलगट भागाच्या) पातळीवर, २० ते २५ मिलिमीटर आत हाड लागलं पाहिजे. सुई निम्मीही आत गेली नाही आणि हाड लागलं तर तुम्ही फार पुढे आहात. हाड लागतच नसेल तर फार मागे गेलात. तिथे औषध सोडलं तर ते पॅरोटिडमध्ये जाऊन चेहऱ्याची ती बाजू काही तास लुळी पडते. हाड लागल्यावर मिलिमीटरभर मागे या, ॲस्पिरेट करा (दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघा), सुई थोडी फिरवून पुन्हा ॲस्पिरेट करा. दीड मिली औषध मिनिट-दीड मिनिटात सोडा. या ब्लॉकमध्ये ॲस्पिरेशनला रक्त येण्याचं प्रमाण १० ते १५ टक्के आहे, तोंडातल्या सगळ्या ब्लॉक्समध्ये सर्वाधिक. त्यामुळे ही पायरी गाळू नका. रबर डॅमच्या (दाताभोवती लावायच्या रबरी पडद्याच्या) क्लॅम्पसाठी लाँग बक्कल (गालाकडच्या हिरडीच्या नसेचा ब्लॉक) वेगळा, ०.३ मिली पुरतं.

यानंतर गार कळत असेल तर ४ टक्के आर्टिकेनची एक कार्ट्रिज (औषधाची तयार भरलेली नळी) त्याच दाढेच्या गालाकडच्या बाजूला इन्फिल्ट्रेशन म्हणून. आर्टिकेनचा खरा फायदा इथे आहे. ब्लॉकमध्येच लिग्नोकेनऐवजी आर्टिकेन भरून मोठा फरक पडत नाही, हे लक्षात ठेवा.

तेही अपुरं पडलं तर इंट्रालिगामेंटरी, म्हणजे मूळ आणि हाड यांना जोडणाऱ्या लिगामेंटमध्ये. गालाकडच्या पुढच्या आणि मागच्या (मेसिओबक्कल आणि डिस्टोबक्कल) कोपऱ्यात सुई हिरडीच्या खाचेतून मूळ आणि हाड यांच्यामध्ये घट्ट अडकवायची. प्रत्येक मुळाला ०.२ मिली, २० सेकंदांत. दट्ट्या जड लागला आणि हिरडी पांढरी पडली म्हणजे जागा बरोबर. औषध सहज शिरत असेल तर ते परत तोंडातच येतंय. साधी ढकलून बसवायची सिरिंज इथे वापरू नका, दाब आला की सुई सुटून उडते. लॉक असलेली १ मिलीची सिरिंज किंवा मूळ इंट्रालिगामेंटरी गन घ्या. परिणाम लगेच येतो, पण टिकतो कमी, म्हणून बर हाताशी तयार ठेवूनच द्या.

इंट्रापल्पल, म्हणजे थेट पल्पमध्ये, अगदी शेवटी. पल्पच्या छताला सुईएवढंच भोक हवं. छत पूर्ण उघडल्यावर औषध ओतून उपयोग नाही, कारण हे इंजेक्शन मुख्यतः दाबाने काम करतं. याच दाबाने नुसत्या सलाइननेही पल्प बधिर होतो, हे दाखवून झालेलं आहे. रुग्णाला आधी सांगा की एक क्षण जोराची कळ येईल. न सांगता दिलं तर पुढच्या अपॉइंटमेंटला तो येत नाही.

औषधशास्त्र_शिक्षिका

पीएचबद्दलची तुमची शंका अगदी योग्य आहे. ते वाक्य चुकीच्या जागी वापरलं जातं म्हणून गोंधळ होतो. त्यामागचं गणित मांडते.

लिग्नोकेन व्हायलमध्ये हायड्रोक्लोराइड म्हणून असतं आणि द्रावणात त्याची दोन रूपं असतात: भाररहित बेस आणि धनभारित आयन. नसेच्या आवरणातून आणि पेशीपटलातून बेस आत शिरतो. आत गेल्यावर तो पुन्हा आयन होतो आणि हा आयन सोडियम चॅनेलला आतल्या बाजूने धरतो. म्हणजे दोन्ही रूपांची गरज, पण आत जायचं तिकीट बेसकडे.

लिग्नोकेनचा पीकेए (ज्या पीएचला ही दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात) ७.९ धरा. ऊतीचा पीएच ७.४ असेल तर साधारण २४ टक्के औषध बेस रूपात असतं. पीएच ६.४ वर आला तर जेमतेम ३ टक्के. पू झालेल्या जागेत किंवा तिच्या काठावर इन्फिल्ट्रेशन दिलं की ते का फसतं, याचं उत्तर हे ३ टक्के आहेत. त्यात तिथला रक्तपुरवठा वाढलेला, म्हणून औषध लवकर वाहूनही जातं. पण टेरिगोमँडिब्युलर जागेतला, म्हणजे ब्लॉकची सुई जाते तिथला, पीएच नेहमीसारखाच असतो. तिथे पुरेसा बेस तयार होतो, नस पुरेशी भिजते, म्हणून तर ओठ बधिर होतो. तेव्हा खालच्या दाढेच्या पल्पायटिसमध्ये ब्लॉक फसण्याचं खापर पीएचवर फोडता येत नाही. चेतवलेली नस आणि हट्टी चॅनेल्स, हे वर आलेलं कारणच जास्त पटतं. मायलोहायॉइडच्या (जिभेखालच्या स्नायूच्या) नसेची फांदी दाढेला जाते हेही कारण सांगितलं जातं. ती फांदी असते खरी, पण फक्त तिला बधिर करून यशाचं प्रमाण फारसं वाढत नाही.

बाटलीतला पीएच हा आणखी वेगळा विषय. ॲड्रिनलिन हवेने खराब होतं, म्हणून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात आणि द्रावण आम्लधर्मी ठेवतात, साधारण ३.५ ते ५.५. पीएच ४ ला बेसचं प्रमाण आठ हजार रेणूंत एक. इंजेक्शन देताना होणारी चुरचुर बरीचशी या आम्लामुळे. शरीराचे बफर ते हळूहळू ७.४ कडे आणतात आणि मग औषध काम करू लागतं. हे काम आधीच करून घ्यायचं असेल तर ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट १ मिलीला १० मिली लिग्नोकेन, या प्रमाणात मिसळतात. १.८ मिलीच्या कार्ट्रिजमधून ०.१८ मिली काढून तेवढंच बायकार्बोनेट आत घालायचं. आयत्या वेळी मिसळा आणि लगेच वापरा, कारण या पीएचला ॲड्रिनलिन टिकत नाही आणि ठेवून दिलं तर बेस साक्याच्या रूपात खाली बसतो. ब्युपिव्हकेन या जास्त वेळ टिकणाऱ्या भुलीच्या औषधात हे मिश्रण करू नका, त्यात साका फार लवकर धरतो. चुरचुर नक्की कमी होते. पल्पायटिसच्या दाढेत यशाचं प्रमाण वाढतं का, यावर चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून रुग्णाच्या सोयीसाठी करा, अपयशावरचा उपाय म्हणून त्यावर विसंबू नका.

आर्टिकेनबद्दल थोडं. बाकीच्या अमाइड (लिग्नोकेनच्या गटातल्या) औषधांत बेंझिनचं कडं असतं, यात थायोफिनचं आहे. त्यामुळे ते मेदात चांगलं विरघळतं. शिवाय बाजूच्या साखळीत एक एस्टर गट आहे. रक्तातली एस्टरेझ एन्झाइम्स तो तोडतात आणि औषध निष्क्रिय होतं. लिग्नोकेनला यकृतात जावं लागतं, त्याचं अर्धायुष्य दीड ते दोन तास. आर्टिकेनचं अर्ध्या तासाच्या आसपास. यकृताचा आजार असलेल्या रुग्णात याला महत्त्व आहे. थायोफिनमध्ये गंधक आहे म्हणून सल्फाची ॲलर्जी असलेल्याला देऊ नये, असं अधूनमधून ऐकू येतं. ते चूक आहे. सल्फोनामाइडची ॲलर्जी, सल्फाइटची ॲलर्जी आणि थायोफिनमधलं गंधक या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. स्टिरॉइडवर अवलंबून असलेल्या दम्याच्या रुग्णात सल्फाइटची काळजी घ्यावी, आणि सल्फाइट ॲड्रिनलिनबरोबर येतं.

४ टक्क्यांचं द्रावण ब्लॉकमध्ये वापरण्याबद्दल मात्र मी सावध राहीन. कॅनडात ओंटारिओमधल्या २१ वर्षांच्या नोंदी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात आर्टिकेन आणि प्रिलोकेन या दोन ४ टक्क्यांच्या औषधांनंतर टिकून राहणाऱ्या बधिरतेच्या तक्रारी त्यांच्या वापराच्या मानाने जास्त होत्या, बहुतेक जिभेच्या नसेच्या. कारणाबद्दल अजून वाद आहे. पण ब्लॉकमध्ये आर्टिकेनचा वेगळा फायदा नसेल तर तो धोका घ्यायचा कशाला? इन्फिल्ट्रेशनमध्ये हा प्रश्न येत नाही.

नवी_प्रॅक्टिस

मॅडम, पीएचचा गुंता सुटला. सर, मार्ग बदलायचा हे पटलं. आता मात्रेचं राहिलं. यातले बरेच रुग्ण पन्नाशीचे, बीपीच्या गोळ्या घेणारे. ब्लॉक, मग इन्फिल्ट्रेशन, मग लिगामेंट असं चढत गेलं की ॲड्रिनलिन किती झालं याचा हिशेब राहत नाही. प्रोप्रानोलोल चालू असेल तर वेगळं काही करायचं का? आणि ३० मिलीची व्हायल वापरताना काय सांभाळायचं?

मुखशल्य_चिकित्सक

हिशेब दोन वेगळ्या वह्यांत ठेवा: एक लिग्नोकेनचे मिलिग्रॅम, दुसरी ॲड्रिनलिनचे मायक्रोग्रॅम. जी वही आधी भरेल तिथे थांबायचं.

२ टक्के म्हणजे मिलीमागे २० मिलिग्रॅम. काही लेबलांवर २१.३ मिलिग्रॅम लिहिलेलं दिसतं. ते पाण्याच्या रेणूसह हायड्रोक्लोराइडचं वजन आहे, द्रावण तेच. १:८०,००० म्हणजे मिलीमागे १२.५ मायक्रोग्रॅम ॲड्रिनलिन. १:१,००,००० म्हणजे १०, आणि १:२,००,००० म्हणजे ५.

६० किलोचा निरोगी माणूस घ्या. ॲड्रिनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम, कमाल ५००. म्हणजे ४२० मिलिग्रॅम, २१ मिली. पण निरोगी माणसाला एका बैठकीत ॲड्रिनलिनची मर्यादा २०० मायक्रोग्रॅम, आणि १:८०,००० मध्ये ती १६ मिलीलाच गाठली जाते. म्हणजे इथे दुसरी वही आधी भरते. किलोमागे ४.४ मिलिग्रॅम ही जुनी, जास्त सावध मर्यादा पाळली तर १३.२ मिली. एका दाढेच्या रूट कॅनालला यातलं काहीही लागत नाही. पाच-सहा मिलीच्या वर जायची वेळ आली तर चूक मात्रेत नाही, जागेत आहे.

हृदयविकाराच्या रुग्णाचं गणित मात्र फार लहान आहे. तिथे मर्यादा ४० मायक्रोग्रॅम धरतात. १:८०,००० चे फक्त ३.२ मिली. ब्लॉकला दीड, बक्कलला ०.३, मग इन्फिल्ट्रेशन, आणि वही भरली. अशा रुग्णासाठी १:२,००,००० घेतलं तर तेच ४० मायक्रोग्रॅम ८ मिलीत मिळतात. इंट्रालिगामेंटरी आणि इंट्राऑसियस (हाडात द्यायच्या) इंजेक्शनांत औषध हाडाच्या पोकळीतून झटकन रक्तात जातं आणि छातीत धडधड होते. हृदयरुग्णात त्या वेळी ॲड्रिनलिन नसलेलं ३ टक्के मेपिव्हकेन मिळत असेल तर ते बरं. बीपी १८०/११० किंवा वर असेल तर तातडीचं नसलेलं काम पुढे ढकला. पण बीपीच्या भीतीने ॲड्रिनलिन पूर्ण वगळून साधं लिग्नोकेन देणं हा उपाय नव्हे. साध्या लिग्नोकेनने पल्प जेमतेम काही मिनिटं बधिर राहतो, आणि दुखलं की रुग्णाच्या शरीरातून जे ॲड्रिनलिन सुटतं त्याची वही तुमच्या हातात नसते.

प्रोप्रानोलोलबद्दल विचारलंत ते फार चांगलं केलंत. ॲड्रिनलिन अल्फा ग्राहींवरून रक्तवाहिन्या आवळतं आणि बीटा-२ वरून स्नायूंतल्या वाहिन्या सैल करतं. प्रोप्रानोलोल बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही बंद करतं, म्हणून उरतं नुसतं आवळणं. बीपी चढतं आणि त्याला उत्तर म्हणून नाडी मंदावते. ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल मुख्यतः बीटा-१ वर काम करतात, त्यांच्यात हा त्रास बराच कमी. गंमत अशी की प्रोप्रानोलोल बऱ्याचदा मायग्रेनसाठी, हात थरथरण्यासाठी, थायरॉइडसाठी किंवा घबराटीसाठी चालू असतं. ‘बीपीची गोळी घेता का?’ या प्रश्नाला रुग्ण नाही म्हणतो. ‘रोज कुठल्याही कारणासाठी कुठली गोळी घेता, पाकीट दाखवा’ असं विचारा. त्याला पहिल्यांदा १ मिली द्या, पाच मिनिटं थांबा, बीपी आणि नाडी बघा, मग पुढे जा, आणि वर सांगितलेली ४० ची मर्यादा पाळा. प्रोप्रानोलोलमुळे यकृतात लिग्नोकेन मोडण्याचा वेगही कमी होतो, तेव्हा मिलिग्रॅमच्या वहीतही हात आखडता ठेवा. एकाच बैठकीत लिग्नोकेन आणि आर्टिकेन दोन्ही वापरलं तर त्यांच्या मर्यादा स्वतंत्र नसतात. लिग्नोकेनची निम्मी वापरली तर आर्टिकेनचीही निम्मीच उरली असं धरा.

व्हायलचं थोडं सविस्तर लिहितो, कारण चुका इथे होतात. कपाटात २ टक्के साधं, २ टक्के १:२,००,००० आणि २ टक्के १:८०,००० अशा सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारीशेजारी असतात. टोपीच्या रंगावर जाऊ नका, ताकद वाचा, आणि सहायकाने भरलेली सिरिंज बाटली पाहिल्याशिवाय हातात घेऊ नका. बाटली फोडल्याची तारीख लेबलवर लिहा, २८ दिवसांनी उरलेलं टाकून द्या. दर वेळी नवी सिरिंज, नवी सुई. रबरी बूच स्पिरिटने पुसून वाळू द्या. एक सुई कायमची बुचात खुपसून ठेवायची सवय कुठे असेल तर ती आजच बंद करा. द्रावण पिवळट किंवा तपकिरी दिसलं तर ॲड्रिनलिन गेलं, ते वापरायचं नाही. व्हायलमध्ये टिकवण्यासाठी मेथिलपॅराबेन असतं. लिग्नोकेनची म्हणून सांगितली जाणारी खरी ॲलर्जी फार दुर्मीळ, तिच्यातली काही प्रत्यक्षात पॅराबेनची निघते. अशा रुग्णाला कार्ट्रिज द्या. कार्ट्रिज मात्र स्पिरिटमध्ये बुडवून ठेवू नका. पुढच्या पडद्यातून अल्कोहोल आत झिरपतं आणि इंजेक्शन आगीसारखं झोंबतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सिरिंजमध्ये भरलेलं कुठलंही पारदर्शक द्रव लेबलाशिवाय ट्रेवर ठेवायचं नाही. भुलीऐवजी फॉर्मॅलिन टोचल्याच्या घटना आपल्या देशातल्या नियतकालिकांत छापून आल्या आहेत. बायोप्सीसाठी आणलेलं फॉर्मॅलिन भुलीच्या रिकाम्या व्हायलमध्ये ओतून ठेवणं, ही त्याची मुळं. रूट कॅनाल धुण्याचं हायपोक्लोराइट तर प्रत्येक ट्रेवर सिरिंजमध्येच भरलेलं असतं. त्यासाठी वेगळ्या आकाराची सिरिंज आणि बाजूला छिद्र असलेली सुई ठरवून टाका, भुलीसाठी ती जोडी कधीच नाही. टोचल्याबरोबर रुग्ण अनपेक्षित भयंकर जळजळ सांगत असेल तर दट्ट्या तिथेच थांबवा. ‘थोडं सहन करा’ म्हणत उरलेलं सोडू नका.

विषबाधेची सुरुवात अशी दिसते: तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण, बोलणं जड, मग स्नायू फडफडणं आणि झटका. ब्लॉकनंतर रुग्ण एकाएकी बडबडायला लागला किंवा पेंगायला लागला तर ‘घाबरलाय’ म्हणून सोडून देऊ नका. औषध थांबवा, आडवं करा, श्वासमार्ग मोकळा आणि ऑक्सिजन, झटक्याला मिडॅझोलम, आणि मदत बोलवा. इस्पितळात २० टक्के लिपिड इमल्शन किलोमागे १.५ मिली शिरेतून देतात, विशेषतः ब्युपिव्हकेननंतर हृदय ढेपाळलं असेल तेव्हा. ब्युपिव्हकेन सोडियम चॅनेलला लवकर सोडत नाही, त्यामुळे अशा रुग्णाचं हृदय पुन्हा चालू करणं कठीण जातं. रूट कॅनालला त्याची गरजही नाही. ते अक्कलदाढ काढल्यानंतरच्या रात्रीसाठी ठेवा.

बालदंत_नाशिक

वरचे सगळे आकडे मोठ्यांचे आहेत. हाच धागा वाचून कोणी लहान मुलाला भूल देणार असेल तर थोडी भर घालते.

मुलांसाठी लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धरा, ॲड्रिनलिन असलं तरीही. १२ किलोच्या मुलाला ५२.८ मिलिग्रॅम, म्हणजे २.६ मिली. नेहमीची अडीच मिलीची सिरिंज एकदा गच्च भरली की त्या मुलाची दिवसाची मर्यादा जवळजवळ संपली. दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच दिवशी उरकायच्या म्हणून दुसरी सिरिंज भरली की मर्यादा ओलांडलीच. म्हणून वजनाचा काटा खुर्चीशेजारी हवा. आईला विचारून वजन लिहू नये, आणि वयावरून तर नाहीच.

हिरडीवर मारायचा स्प्रेही या हिशेबात येतो. १० टक्क्यांच्या स्प्रेचा एक फवारा म्हणजे १० मिलिग्रॅम. दोन फवारे मारले तर १२ किलोच्या मुलाच्या मर्यादेतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तिथेच गेला, आणि श्लेष्मल त्वचेतून तो पटकन शोषला जातो. स्प्रे थेट तोंडात मारण्यापेक्षा कापसाच्या बोळ्यावर एक फवारा घ्या, हिरडी कोरडी करा, बोळा तिथे मिनिटभर धरा. बेंझोकेनची जेल दोन वर्षांखालच्या बाळांना लावू नका, मेथहिमोग्लोबिनचा (रक्त ऑक्सिजन नीट वाहून न नेण्याचा) धोका आहे. ओठ-नखं निळसर-राखाडी होतात आणि ऑक्सिजन देऊनही रंग सुधारत नाही, ही त्याची ओळख. प्रिलोकेननेही हेच होतं. उपाय मेथिलिन ब्लू, किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून, इस्पितळातच. आर्टिकेन चार वर्षांखाली वापरत नाहीत.

खालच्या ब्लॉकनंतर पल्प तासाभरात जागा होतो, पण ओठ तीन ते पाच तास बधिर राहतो. मूल तो गंमत म्हणून चावत बसतं आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला, पांढरट साय धरलेला ओठ पाहून घरचे घाबरतात. तो पू नसतो, अँटिबायोटिक लागत नाही, आठ-दहा दिवसांत भरून येतो. घरी जाताना कापसाची गुंडाळी ओठ आणि दातांमध्ये ठेवा, तिला दोरा बांधून दोरा बाहेर राहू द्या म्हणजे गिळली जाणार नाही, आणि आईला घड्याळातली वेळ सांगा: ‘साडेचारपर्यंत जेवण नाही, चहा-दूध गरम नाही.’